नव्या संगणकातील रॅम अस्थिर असल्यास दोष कसा शोधावा

नव्याने जोडलेला डेस्कटॉप सुरू होतो, विंडोजही व्यवस्थित बसते, आणि मग दोन दिवसांनी ब्लू स्क्रीन दिसू लागते. एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, पुढच्या वेळी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, असा दरवेळी वेगळा संदेश येत असेल आणि मोठी झिप फाइल उघडताना अधूनमधून ती खराब असल्याचे सांगितले जात असेल, तर पहिला संशय रॅमवर घ्यावा. दोष पॉवर सप्लायचा किंवा ड्रायव्हरचाही असू शकतो. तरीही तपासणी रॅमपासूनच सुरू करावी, कारण रॅममध्ये बिघडलेली माहिती तशीच डिस्कवर लिहिली जाते. निदान होईपर्यंत या संगणकावर महत्त्वाच्या फाइली हलवू नयेत.

तपासणीसाठी मेमटेस्ट८६ प्लस हा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरूनच सुरू करावा. विंडोज चालू असतानाच घेतलेल्या चाचणीला विंडोजने व्यापलेला भाग तपासता येत नाही, ती अडचण इथे येत नाही. रॅम जास्त असेल तर एका फेरीलाही बराच वेळ लागतो, म्हणून चाचणी रात्रभर चालू ठेवणे सोयीचे. इथे ‘थोड्याच चुका आहेत, चालेल’ असे म्हणण्यास वाव नाही. एक चूकही नापास ठरते. चूक दिसल्यावर तिचा पत्ता टिपून ठेवावा. वेग कमी करूनही त्याच पत्त्यावर तोच बिट वारंवार चुकत असेल, तर त्या स्टिकमधील (रॅमच्या पट्टीतील) चिप खराब असण्याची शक्यता मोठी. चुका विखुरलेल्या असतील आणि वेग कमी करताच नाहीशा होत असतील, तर सेटिंगकडे पाहावे.

नव्या संगणकांत बहुतेक वेळा घोडे या सेटिंगपाशीच अडते. खोक्यावर छापलेला ६००० सारखा वेग हा इंटेलच्या एक्सएमपी किंवा एएमडीच्या एक्स्पो प्रोफाइलचा, म्हणजे तयार सेटिंगसंचाचा असतो, आणि ती प्रोफाइल म्हणजे खरे तर ओव्हरक्लॉकिंगच (मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे) होय. रॅम त्या वेगासाठी तपासलेली असली, तरी आपल्या प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग) आणि मदरबोर्ड तो वेग पेलतीलच, याची हमी त्या छापील आकड्यात नसते. म्हणून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरील प्रोग्राममध्ये) जाऊन प्रोफाइल बंद करावी, रॅम तिच्या मूळ वेगावर (डीडीआर५ प्रकारच्या रॅमसाठी बहुधा ४८००) आणावी आणि चाचणी पुन्हा करावी. आता ती निर्दोष पार पडली, तर स्टिक बदलून घेण्याची घाई करू नये. मदरबोर्डच्या उत्पादकाने दिलेले नवे बायोस घालावे, कारण रॅमची सुसंगतता सुधारणारे बदल त्यात वारंवार येतात. मग प्रोफाइल पुन्हा चालू करून पाहावी, आणि तरीही चुका आल्या तर वेग एकेक पायरी खाली आणावा. ६००० ऐवजी ५६०० वर स्थिर चालणारा संगणक रोजच्या वापरात हळू वाटत नाही. व्होल्टेज वाढवून वेग टिकवण्याचा मोह अनेकांना होतो. माझ्या मते निदान चालू असताना तो टाळावा, कारण त्याने मूळ दोष झाकला जातो.

मूळ वेगावरही चुका येत असतील, तर संगणक बंद करून वीज तोडावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेला भार जाऊ द्यावा आणि सर्व स्टिक काढाव्यात. मग एकच स्टिक, मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये (बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या), खटका पडेपर्यंत सरळ दाबून बसवावी. काही मदरबोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो. तिथे दुसरी बाजू अर्धवट बसल्याचे लक्षात येत नाही. प्रत्येक स्टिक त्याच स्लॉटमध्ये तपासावी, मग निर्दोष ठरलेली स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक सदोष. ती स्लॉटपाशीच राहिली तर मदरबोर्डचा स्लॉट, सॉकेटमधील वाकलेली पिन किंवा प्रोसेसरवर कूलरचा पडणारा असमान दाब तपासावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने फरक पडला हे कळणार नाही.

डीडीआर५ च्या बाबतीत स्टिक बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. ते मेमरी ट्रेनिंग, म्हणजे संगणकाने नव्या रॅमशी स्वतःला जुळवून घेणे असते; तेव्हा वीज बंद करू नये.

चार स्टिक बसवल्या असतील तर कंट्रोलरवरचा भार वाढतो, आणि दोन स्टिकवर चालणारा वेग चारांवर चालेलच असे नाही. दोन वेगवेगळे संच, एकाच मॉडेलचे असले तरी, एकत्र तपासलेले नसतात. तेवढीच क्षमता हवी असेल तर दोन मोठ्या स्टिकचा एकच संच घ्यावा.

रॅम स्थिर झाल्यावर विंडोजच्या सिस्टिम फाइली तपासून घ्याव्यात. विंडोज अस्थिर रॅमवरच बसवले गेले असेल, तर ते नव्याने बसवणे अधिक खात्रीचे.