पावसाळ्यात कातावे, पाऊस सरल्यावर रंगवावे

घरच्या घरी सूत कातून ते रंगवण्याचा छंद गोव्यात लावून घ्यायचा असेल, तर अवजारांची यादी करण्याआधी ऋतूंचा विचार करावा. जून ते सप्टेंबर या काळातल्या दमट हवेने कपडे वाळवताना जीव मेटाकुटीला येत असला, तरी कापूस कातणाऱ्याला तीच हवा उपयोगी पडते. कारण कापसाचा तंतू ओलसर असताना अधिक बळकट असतो आणि कोरड्या हवेत तो जसा विस्कटून उडतो, तसा या दिवसांत उडत नाही. सूतगिरण्यांतही हवेतील आर्द्रता मुद्दाम राखली जाते, ती याच कारणाने. रंगकामाचे मात्र नेमके उलट आहे. पावसाळ्यात रंगवलेली लड, म्हणजे सुताचा सैल गुंडाळलेला जुडगा, दिवसचे दिवस ओली राहते, तिला कुबट वास येतो, तिच्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते कोणत्याही साबणाने जात नाहीत. म्हणून मृगापासून चवथीपर्यंत कातत राहावे, लडी कोरड्या डब्यात साठवाव्यात आणि रंगाचे पातेले दिवाळीनंतर चुलीवर चढवावे.

गोव्यात कापूस पिकत नाही, त्यामुळे तो बाहेरूनच आणावा लागतो. सरकीसह कापूस आणून तो लोढणे (सरकी वेगळी करणे), पिंजणे (तंतू मोकळे करणे) आणि मग कातणे हा क्रम नवशिक्याने सध्या बाजूला ठेवावा आणि तयार पेळू घ्यावेत. पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची बोटभर जाडीची, आतून पोकळ अशी हलकी गुंडाळी. खादी भांडारात विचारणा केल्यास पेळू मिळू शकतात. नाहीतर वर्धा परिसरातील खादीचे काम करणाऱ्या संस्थांकडून ते टपालाने मागवता येतात. पेळू चांगला आहे की नाही, हे ओळखण्यासाठी त्याचे टोक चिमटीत धरून हलकेच ओढावे. तंतू एकसारखे सरकत बाहेर आले तर माल चांगला, आणि मध्येच गाठी व सरकीचे कण लागले तर तो दुकानदाराला परत करावा. घरी आणलेले पेळू उघड्यावर ठेवू नयेत. दमट हवा कातताना हवी असते, पण महिनाभर ती खात पडलेला पेळू चपटा होतो आणि त्यातले तंतू एकमेकांना चिकटतात. घट्ट झाकणाच्या डब्यातून एका बैठकीपुरते तीन-चारच काढावेत.

अवजार म्हणून टकळीपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधी असताना आकाराला आलेला घडीचा पेटी चरखा देखणा असतो आणि त्यावर वेगही चांगला मिळतो. पण त्याची माळ (चाक फिरवणारी दोरी) ताणणे, चाते (सूत गुंडाळणारी तार) सरळ ठेवणे आणि सूत ओढणे ही तीन कामे एकाच वेळी शिकावी लागतात आणि सूत तुटले की चूक हाताची की यंत्राची, हे कळत नाही. टकळीत बिघडण्यासारखे काही नाही. पोलादी तारेची दांडी, खाली पितळेची चकती आणि वर सूत अडकवण्यासाठी आकडा, एवढेच तिचे स्वरूप आहे. कापसाचे तंतू साधारण दोन ते तीन सेंटिमीटर लांबीचे असल्यामुळे नवे सूत टकळीचे वजन पेलू शकत नाही; म्हणून ती अधांतरी न सोडता टेकवून फिरवावी लागते. त्यासाठी आतून घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी उत्तम. ती डगमगू नये म्हणून खाली फडक्याची चुंबळ ठेवावी.

आता प्रत्यक्ष कातणे. दांडीला हातभर तयार सूत बांधून ते वर आकड्यात अडकवावे आणि त्याचे मोकळे टोक पेळूच्या तोंडाशी विस्कटलेल्या तंतूंवर टेकवावे. पेळू डाव्या हाताच्या अंगठा व तर्जनी यांच्या मध्ये धरावा, पण चिमणीचे पिल्लू धरल्याइतक्या हलक्या हाताने. शिकणाऱ्यांचा बहुतेक त्रास या एका बोटाच्या दाबापाशीच असतो. उजव्या हाताने टकळीला घड्याळाच्या दिशेने पीळ द्यावा. पीळ सुतातून चढत पेळूच्या तोंडाशी पोहोचला, की तंतू आपोआप त्यात गुंतू लागतात. त्याच क्षणी डावा हात सावकाश मागे व वर न्यावा. हात आणि पीळ यांची ही जोडी जमणे म्हणजे कातणे. हात पिळाच्या पुढे धावला तर सूत विरळ होऊन तुटते. पीळ हाताच्या पुढे गेला तर पेळूच्या तोंडाशी घट्ट गाठ बसते आणि मग कितीही ओढले तरी तंतू सरकत नाहीत. हातभर सूत निघाल्यावर पेळूचे तोंड चिमटीत घट्ट बंद करावे, टकळीला आणखी दोन-चार फिरक्या देऊन सूत पक्के करावे, ते आकड्यातून सोडवून चकतीच्या वरच्या बाजूला गुंडाळावे आणि पुन्हा आकड्यात अडकवावे.

पहिल्या आठवड्यातले सूत जाड-बारीक होणारच. जाडसर ठिकाण दिसल्यास ते तोडून टाकण्याची घाई करू नये. पीळ नेहमी आधी बारीक जागी जमतो आणि जाड जागा सैल राहते; त्यामुळे त्या जागेच्या दोन्ही बाजूंना धरून सूत किंचित उलगडले आणि हलके ताणले, तर जाड भागातले तंतू सरकतात व सूत सारखे होते. तुटलेले सूत जोडताना गाठ मारू नये. तुटलेल्या टोकाचा पीळ उलगडून तंतू विस्कटावेत, पेळूचे तोंडही तसेच मोकळे करावे, दोन्ही तीन-चार सेंटिमीटर एकमेकांवर ठेवावीत आणि मग पीळ द्यावा. पीळ पुरेसा आहे का, हे पाहण्यासाठी वीतभर सूत मध्यावर दुमडून सैल सोडावे. ते स्वतःभोवती गुंडाळले गेले तर ठीक. नुसते लोंबकळले तर पीळ कमी आहे. कापसाचे तंतू आखूड असल्यामुळे त्याला लोकरीपेक्षा बराच जास्त पीळ लागतो.

क्रोशे किंवा विणकामासाठी एकपदरी सूत सहसा वापरू नये. धुतल्यावर ते वाकडे होते आणि विणलेला चौकोन तिरका दिसतो. दोन टकळ्यांवरचे सूत एकत्र घेऊन त्याला उलट्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध, पीळ द्यावा. दोन्ही पीळ एकमेकांना तोलतात आणि सूत शांत पडते.

रंगवण्याआधी सुताची लड करावी लागते. फाळका, म्हणजे लड गुंडाळण्याची चौकट, नसल्यास उलट्या ठेवलेल्या स्टुलाच्या चार पायांभोवती सूत गुंडाळले तरी चालते. लड काढण्यापूर्वी ती चार ठिकाणी पांढऱ्या सुती दोऱ्याने इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधावी, पण सैल. घट्ट बांधल्यास त्या जागी रंग पोहोचत नाही आणि पांढरे पट्टे राहतात. यानंतर कोरड्या लडीचे वजन करून ते लिहून ठेवावे, कारण पुढची सर्व प्रमाणे या वजनावरच ठरतात. खालील आकडे 100 ग्रॅम सुतासाठी आहेत.

कच्च्या सुतावर मेण आणि इतर नैसर्गिक द्रव्ये असतात, त्यामुळे ते पाणी झटकून टाकते. पाच लिटर पाण्यात 5 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण घालून लड तास-दीड तास मंद उकळावी. पाणी चहासारखे पिवळट तांबूस होते. पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या सुतातून एवढा मळ निघाल्याचे पाहून नवशिक्यांना आश्चर्य वाटते. धुऊन वाळवलेल्या सुतावर पाण्याचा थेंब टाकावा. तो लगेच आत मुरला तर काम झाले, थेंब तसाच बसून राहिला तर पुन्हा उकळावे. हा टप्पा टाळणाऱ्यांच्या सुतावर पुढे रंगाचे डाग पडतात आणि दोष मात्र रंगाला दिला जातो.

लोकर आणि रेशीम तुरटी सहज धरून ठेवतात. कापूस तसे करत नाही. त्याला आधी टॅनिन, म्हणजे हिरड्यासारख्या वनस्पतींतले तुरट द्रव्य, द्यावे लागते, मग त्या टॅनिनला तुरटी चिकटते आणि तुरटीला रंग. यासाठी हिरड्याची 15 ते 20 ग्रॅम पूड कोमट पाण्यात कालवून गाळावी व त्यात लड रात्रभर भिजवावी. सकाळी ती न धुता केवळ पिळून सावलीत वाळवावी. पुढे 20 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवावी, वेगळ्या पाण्यात विरघळवलेला 3 ग्रॅम धुण्याचा सोडा तीत हळूहळू ओतावा, फेस बसू द्यावा आणि लड त्या पाण्यात पुन्हा रात्रभर ठेवावी. भांडे स्टेनलेस स्टीलचे आणि केवळ याच कामाचे असावे. लोखंडी कढईत हिरडा घातला तर सूत काळपट होते. शिवाय रंगकामाचे भांडे स्वयंपाकात परत नेऊ नये.

रंगासाठी गोव्यात दूर जावे लागत नाही. माझी पहिली शिफारस काजूची आहे, पण कोणता भाग घ्यायचा हे नीट समजून घ्यावे. काजूबीच्या बाहेरच्या जाड टरफलात दाहक तेल असते. ते अंगाला लागले तर फोड येतात आणि ते उकळल्यास वाफही त्रास देते, म्हणून ते टरफल रंगाच्या पातेल्यात कधीही घालू नये. आपल्याला हवी आहे ती काजूगरावरची कागदासारखी पातळ तांबडी साल, जी कारखान्यात गर सोलताना टाकाऊ म्हणून उरते. ती घेताना टरफलाचा एकही तुकडा त्यात राहिलेला नाही, हे पाहून घ्यावे. ही साल टॅनिनने भरलेली असल्यामुळे तिच्यासाठी हिरड्याची पायरी गाळली तरी चालते. 100 ग्रॅम साल चार-पाच लिटर पाण्यात तासभर उकळावी, काढा जाड फडक्यातून गाळावा, त्यात ओली केलेली लड सोडून आणखी तासभर मंद आचेवर ठेवावी आणि तशीच रात्रभर राहू द्यावी. उष्ण छटेचा तपकिरी रंग येतो. त्याच लडीला 2 ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) विरघळवलेल्या पाण्यात दहा मिनिटे बुडवले, तर टॅनिन व लोह यांच्या संयोगाने डोळ्यांसमोर रंग करडा होत जातो. हिराकस वाढवण्याचा मोह टाळावा; जास्त लोह कापूस कुजवते आणि वर्ष-दोन वर्षांत सूत हातात तुटू लागते.

पिवळ्यासाठी फणसाच्या लाकडाचा भुसा घ्यावा, जो फणसाचे सामान करणाऱ्या सुताराकडे मिळतो. आग्नेय आशियातील बौद्ध भिक्षूंची चीवरे रंगवण्यासाठी हेच लाकूड वापरले जात आले आहे. 100 ते 150 ग्रॅम भुसा आदल्या रात्री भिजवून मग उकळावा. तुरटी दिलेल्या सुतावर स्वच्छ सोनेरी पिवळा येतो आणि तो हळदीसारखा उन्हात उडून जात नाही. डाळिंबाच्या साली आणि दसरा-दिवाळीच्या तोरणांतला झेंडू हेही पिवळ्याचे विश्वासू स्रोत आहेत. कुळागर (सुपारी-नारळाची बाग) असलेल्या मित्रांकडून सुपारीची चौकशी अनेक जण करतात. शेजारच्या कर्नाटकात कोवळी सुपारी उकळतात, तेव्हा उरणारे चोगरू नावाचे तांबडे पाणी रंगासाठी वापरले जाते. आपल्याकडे प्रामुख्याने पिकलेली सुपारी वाळवतात, त्यामुळे हे पाणी आयते मिळत नाही. सुपारीची पूड स्वतः उकळावी लागेल. ऐन आणि खैर यांच्या सालींतूनही उत्तम रंग निघतो, परंतु त्यासाठी जंगलातले झाड सोलू नये. कात बाजारात मिळतो.

कुणबी साडीच्या चौकड्यांतला तांबडा गोव्याच्या नजरेत भरलेला असल्यामुळे लाल रंग कसा काढावा, हा प्रश्न लवकरच पडतो. घरी त्यासाठी मंजिष्ठ वापरावी. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी मुळे 50 ते 100 ग्रॅम घेऊन कुटावीत, रात्रभर भिजवावीत आणि दुसऱ्या दिवशी लडीसह अगदी मंद आचेवर तापवावीत. पाणी उकळू देऊ नये. तापमान 70 अंशांच्या वर गेले की लालात विटकरी-तपकिरी मिसळू लागते. मंजिष्ठेला पाण्यात थोडे कॅल्शियम लागते. आपल्या भागात पाणी बहुधा मृदू असते, म्हणून चिमूटभर खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, घालावी. विहिरीच्या पाण्याने बादलीत गंजासारखे डाग पडत असतील, तर त्यात लोह आहे असे समजावे आणि लाल-पिवळ्या रंगांसाठी पावसाचे साठवलेले पाणी घ्यावे, नाहीतर सगळे रंग मातकट होतात.

बीट, जास्वंद, जांभूळ आणि आमसुले यांच्या वाटेला जाऊ नये. त्यांचा रंग पातेल्यात मोहक दिसतो आणि सुतावर थोड्याच धुण्यांत नाहीसा होतो. निळीचे काम वेगळे आहे: नीळ पाण्यात विरघळत नाही, तिला चुना आणि साखर असलेल्या द्रव्यांच्या साहाय्याने आधी हिरवट पिवळ्या द्रावणात आणावे लागते आणि त्यातून काढलेले हिरवे सूत हवेत निळे होते. ते पुढच्या हंगामासाठी ठेवावे.

रंगलेली लड लगेच धुऊ नये. ती सावलीत वाळवावी, दोन-तीन दिवस तशीच राहू द्यावी आणि मग रिठ्याच्या पाण्यात धुवावी. धुण्याच्या सोड्याने काही रंग बदलतात. वापरलेले पाणी विहिरीपासून दूर ओतावे. प्रत्येक लडीतले वीतभर सूत कार्डावर गुंडाळून अर्धे जाड कागदाने झाकावे आणि ते कार्ड महिनाभर खिडकीच्या उन्हात ठेवावे. झाकलेला आणि उघडा भाग यांत फरक दिसला, तर त्या रंगाचे सूत पडद्याला न वापरता आतल्या पिशवीला किंवा अस्तराला वापरावे. कार्डामागे सुताचे वजन, रंगद्रव्याचे वजन, पाणी कुठले आणि महिना कोणता, हे पेन्सिलीने लिहावे. शाई ओल्या हातांनी पसरते.