थंडी अडवताना हवा कोंडू नका : हिवाळ्यात या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्याच्या परिसरात दवबिंदू गोठतात. गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसला की साताऱ्या-सांगलीकडची मंडळी पहाटेच तो पाहायला निघतात. हा हिमवर्षाव नव्हे. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते, थंड व जड हवा सखल भागात साचते, आणि म्हणूनच गावात पारा दहा-बारा अंशांवर असतानाही तलावाकाठचे गवत गोठते. एवढ्या थंडीने आपल्याकडे धडधाकट माणूस क्वचितच दगावतो. ती अडवण्यासाठी गच्च बंद केलेल्या खोलीत मात्र एका रात्रीत अख्खे कुटुंब दगावू शकते. म्हणून हे लिहीत आहे.

धूर नाही म्हणजे धोका नाही, असे मानणे

काही वर्षांपूर्वी माण तालुक्यातील नातेवाइकांकडे आम्ही हुरड्याला गेलो होतो. रात्री गारठा वाढला, तेव्हा नव्याने बांधलेल्या स्लॅबच्या खोलीत लोणारी कोळशाचे निखारे घमेल्यात घालून ठेवले, सरकत्या काचेच्या खिडक्या लावल्या आणि दाराखालच्या फटीत जुनी वाकळ कोंबली. मध्यरात्रीनंतर लहान भाची उलटी करू लागली. मोठ्यांचीही डोकी ठणकत होती. हुरडा जास्त झाला असेल, जागरण झाले असेल, असे म्हणत आम्ही तिला ओवा-पाणी देत बसलो. शेजारच्या जुन्या घरातील वयस्कर मामा आवाज ऐकून आले, त्यांनी दार उघडताच घमेल्याकडे पाहिले आणि एक शब्दही न बोलता मुलीला उचलून अंगणात नेले. उघड्या हवेत अर्ध्या-पाऊण तासात तिला तरतरी आली, तरीही तिला लगेच दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन द्यावा लागला. आम्ही ओव्याच्या डबीत उत्तर शोधत होतो, त्या वेळी ते खोलीच्या मधोमध लालभडक होऊन बसले होते.

पेटलेला कोळसा पुरेशी हवा न मिळाल्यास कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू सोडतो. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. लाकडाचा धूर माणसाला खोकला आणून बाहेर पिटाळतो. धूर न देणारे, राखेखाली धुमसणारे निखारे तशी कोणतीही सूचना देत नाहीत. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास सुरू असूनही मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन मिळेनासा होतो. आधी डोके दुखते, मळमळते, अंग गळून जाते, मग विचार गोंधळतो. झोपेत असलेल्या माणसाला तर जागच येत नाही. एकाच खोलीतील दोघा-तिघांची डोकी एकाच वेळी दुखू लागली आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर पोटाची तक्रार समजून वेळ घालवू नका.

‘आजीच्या काळात रात्रभर शेगडी असायची, तेव्हा कुणाला काही झाले नाही,’ हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. आजीचे घर कौलारू होते किंवा माळवदाचे. कौलांच्या फटींतून आणि माळवदाच्या सवण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, हवा सतत खेळत होती. गळिताच्या हंगामात शिवारात उभ्या राहणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या कोपीला, म्हणजे झोपडीलाही, फटी असतात. तिथे आगीची भीती मोठी, पण वायू कोंडण्याची तुलनेने कमी. शेगडी तीच राहिली, घर मात्र बदलले, हे आपल्या ध्यानात आलेले नाही.

शेगडीजवळ पाण्याचे भांडे ठेवल्याने हा वायू शोषला जात नाही. घरातील साध्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नका, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्याला ऑक्सिजनयुक्त रक्तासारखेच भासते आणि माणूस अत्यवस्थ असतानाही आकडा अठ्ठ्याण्णव दिसू शकतो. निखाऱ्यांवर अंगणात शेकावे, ते पूर्ण विझवून बाहेरच ठेवावेत आणि झोपायच्या खोलीत केवळ गोधडी, घोंगडी, कानटोपी व गरम पाण्याची पिशवी न्यावी. पर्यटनाच्या ठिकाणी भाड्याच्या खोलीत किंवा तंबूत कुणी आपुलकीने शेगडी आणून दिली, तरी ती झोपण्यापूर्वी बाहेर ठेवायला सांगण्याचा संकोच करू नये. कुणी बेशुद्ध आढळल्यास आधी दारे-खिडक्या उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकावर कळवताना ‘बंद खोलीत शेगडी होती’ हे आवर्जून सांगा. कांदा हुंगवण्यात आणि पाणी पाजण्यात मोलाची मिनिटे जातात.

न्हाणीघरातला गॅस गीझर

हाच वायू चार बाय सहाच्या न्हाणीघरात अधिक लवकर साचतो. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवावा. तो आतच बसवलेला असेल, तर दार उघडे ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा आणि मगच आंघोळ करावी. थंडी येते म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावणे ही चूक मी अनेक घरांत पाहिली आहे. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसू लागली, तर जळण नीट होत नाही असे समजून दुरुस्ती होईपर्यंत गीझर वापरू नये.

बर्फात अडकलेल्या गाडीत हीटर लावून झोपणे

आता आपल्याकडची कुटुंबे हिवाळ्यात मनाली-गुलमर्गला जातात. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेला सुमारे नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ओलांडून काही जण स्वतःची गाडी थेट लाहौलपर्यंत नेतात. पसरणी आणि खंबाटकीचे घाट चढण्याची सवय तिथे पुरी पडत नाही, कारण काळ्या डांबरावर गोठलेला पारदर्शक बर्फाचा थर दिसतच नाही आणि त्यावर जोरात ब्रेक दाबला की गाडी घसरत जाते. निघण्यापूर्वी हवामान विभागाचा इशारा पाहा, आणि रस्ता बंद असेल तर मुक्काम वाढवा.

हिमवादळात गाडी अडकलीच, तर ती सोडून पायी निघू नका. सगळीकडे पांढरेच दिसते आणि शंभर पावलांवरही दिशा हरवते. गाडीच्या आरशाला भडक रंगाचे कापड बांधा. इंजिन सुरू करण्यापूर्वी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ फावड्याने किंवा ताटलीने दूर करा, कारण तोंड बुजले की धूर गाडीतच येतो. इंजिन तासाला दहाएक मिनिटेच चालवा, वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवा आणि सर्वांनी एकाच वेळी झोपू नका.

दारू, चोळणे आणि ओले मोजे

दारूने अंगात ऊब आल्यासारखे वाटते, परंतु त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंदावल्याने शरीराची उष्णता उलट वेगाने बाहेर पडते. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले की हुडहुडी भरते, बोलणे अडखळते, पाय लटपटतात. त्यातच हुडहुडी अचानक थांबली, तर ते सुधारल्याचे नव्हे, बिघडल्याचे लक्षण आहे. अशा माणसाचे ओले कपडे काढून त्याला कोरड्या पांघरुणात गुंडाळावे आणि तातडीने दवाखान्यात न्यावे. बोटे पांढरी व बधिर पडली असतील, तर ती चोळू नका, बर्फ लावू नका, आगीजवळही धरू नका; पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तेव्हाच कोपराला सोसेल इतक्या कोमट पाण्यात बुडवा.

सुती मोजे भिजले की लवकर सुकत नाहीत आणि पायाची ऊब ओढून घेतात. लोकरीच्या मोज्यांचे दोन जास्तीचे जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून हाताशी ठेवावेत, टपावरच्या बॅगेत नव्हे. साताऱ्याजवळच्या, सैनिकांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत बर्फाळ चौक्यांवर राहून आलेले जवान सुट्टीवर भेटतात. प्रवासाला निघण्यापूर्वी पायांची काळजी कशी घ्यावी, हे त्यांच्याकडून समजून घ्यावे.