मुक्तस्रोत प्रकल्पाची मांडणी: आधी किल्ल्या, मग कोड

कोड ठेवायच्या सेवांपैकी प्रकल्प गिटहबवर ठेवायचा, गिटलॅबवर की कोडबर्गवर, यावर वाद खूप रंगतो. त्याआधी किल्ल्या, म्हणजे खात्यांचा ताबा, कुणाकडे राहणार ते ठरवा. रिपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा) कुणाच्या वैयक्तिक खात्यात उघडू नका. प्रकल्पाच्या नावाने ऑर्गनायझेशन (सामायिक खातं) काढा, मालकीहक्क निदान दोघांना द्या आणि टू-फॅक्टर (पासवर्डबरोबर दुसरी पडताळणी) सक्तीचं करा. डोमेन कुणाच्या नावावर आहे, सर्व्हरचं बिल कोण भरतं, हेही लिहून ठेवा. एकटा मालक दिसेनासा झाला, तर कोड सगळ्यांकडे असतो, पण पॅच (सुचवलेले बदल) स्वीकारणारं कुणी उरत नाही. मग फोर्क (कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प) काढावा लागतो आणि जुने वापरकर्ते मागेच राहतात.

लायसन्सची फाइल पहिल्याच कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) घाला. ती नसेल तर कोड सगळ्यांना दिसत असूनही तो वापरायची परवानगी कुणालाच मिळत नाही. पुढे लायसन्स बदलायचं म्हटलं, तर बहुतेक वेळा ज्यांचा कोड आत आहे त्या प्रत्येकाची संमती गोळा करावी लागते. योगदान देणाऱ्यांकडून लांबलचक करार भरून घेण्यापेक्षा लिनक्स कर्नलमधली २००४ पासूनची साइन-ऑफची पद्धत पुरेशी आहे: प्रत्येक कमिटखाली नाव-ईमेलची एक ओळ, म्हणजे 'हा कोड देण्याचा हक्क मला आहे' अशी ग्वाही.

मेन ब्रँचवर (कोडच्या मुख्य शाखेवर) थेट पुश, म्हणजे बदल चढवणं, बंद करा. चाचण्या पास आणि दुसऱ्या एकाची मंजुरी, एवढी अट ठेवा. तिघांच्या टीममध्ये दोन मंजुऱ्या मागितल्या, तर एक जण सुटीवर गेला की सगळं अडतं. बदल तीनशे ओळींच्या वर गेला की तपासणारा वरवर नजर फिरवतो, म्हणून तुकडे करून मागा. फॉरमॅटिंग आणि लॉजिक एकाच कमिटमध्ये तर मुळीच नको. खरा बदल त्यात बुडून जातो.

पासवर्ड किंवा टोकन (पासवर्डसारखाच प्रवेशाचा गुप्त कोड) चुकून कमिट झालं, तर पुढच्या कमिटमध्ये पुसून उपयोग नाही, इतिहासात ते राहतंच. आधी ते रद्द करा, इतिहासाची सफाई नंतर.

स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचं असेल तर फोर्जेजो (गिटहबसारखी सेवा स्वतः चालवायचं सॉफ्टवेअर) उत्तम. छोट्या टीमला दोन कोअर, १ जीबी रॅम आणि एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस एवढं पुरतं. नोंदणी सगळ्यांना खुली ठेवलीत तर स्पॅम खात्यांची रांग लागते. मंजुरीनेच खाती द्या. चाचण्या चालवणारा रनर मात्र वेगळ्या मशीनवर हवा, कारण तिथे अनोळखी लोकांचा कोड चालतो.

आता बॅकअप. गूगल कोड २०१६ मध्ये बंद झालं; कोणतंही होस्टिंग कायमचं नसतं. मिरर क्लोनमध्ये (रिपॉझिटरीच्या पूर्ण प्रतीत) सगळ्या ब्रँच आणि टॅग (आवृत्त्यांच्या खुणा) येतात, पण इश्यू (नोंदवलेल्या अडचणी) आणि रिव्ह्यूमधली चर्चा येत नाही. विकी वेगळी रिपॉझिटरी असते, एलएफएसच्या (मोठ्या फाइलींसाठीच्या सोयीतल्या) फाइल वेगळ्या आणाव्या लागतात. फोर्जेजोची डम्प कमांड हे सगळं एका झिपमध्ये देते. ते परत बसवायला मात्र तयार कमांड नाही: फाइली, डेटाबेस आणि कॉन्फिग हाताने जागेवर ठेवावं लागतं. म्हणून तीन महिन्यांतून एकदा कोऱ्या मशीनवर रिस्टोअर करून पाहा. कॉन्फिगमधली सीक्रेट की तीच राहिली आहे ना, हे खास तपासा; ती बदलली तर टू-फॅक्टरसाठी ॲपचा कोड वापरणाऱ्या कुणालाच त्या कोडने लॉगिन करता येत नाही.