जुनी फणेरपेटी पुन्हा वापरात कशी आणावी

ड्रेसिंग टेबल घरोघरी येण्याआधी वेणीफणीचा सगळा सरंजाम एका लाकडी पेटीत मावायचा. झाकणाच्या आत आरसा, खाली खणांमध्ये फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची आणि काजळाची डबी. अशी पेटी माळ्यावर पडून असेल तर खाली काढा. ती पुन्हा रोज उघडली जावी, असं मला मनापासून वाटतं.

आधी कुठली वस्तू कुठल्या खणात होती याचा फोटो काढा, मग पेटी रिकामी करा. कोपऱ्यांतली धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडा. पाणी अजिबात नको, ओल्या फडक्याने कुंकू लाकडात आणखी मुरतं.

लिंबू किंवा चिंचही लाकडाला लावू नका. पारंपरिक कुंकू म्हणजे क्षाराने लाल झालेली हळद; आंबट लागलं की ती परत पिवळी होते. आजीच्या पेटीत मी लिंबाची फोड फिरवली आणि लाल डागाच्या जागी पिवळा डाग उरला. करंड्याच्या खणात तो अजून आहे. कोरड्या फडक्याने निघेल तेवढंच कुंकू काढा, बाकीचं राहू द्या.

लाकूड कोरडं पडलं असेल तर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. तेलाचं फडकं चुरगळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

आरशावर काही फवारू नका. कडेने ओल आत गेली की मागचा मुलामा सुटतो. काळे ठिपके असले तरी तो जुना आरसाच ठेवा.

पितळी डब्या बाहेर काढून चिंचेने घासा, धुऊन पूर्ण कोरड्या करा. चांदीला साबणाचं कोमट पाणी पुरे. नक्षीतला काळेपणा राहू द्या, त्यानेच नक्षी उठून दिसते. शिंगाची किंवा लाकडी फणी भिजवू नका, वाकते. तेलाचं बोट फिरवा.

एखादी वस्तू हरवली असेल तर खणाचं माप घेऊनच बाजारात जा. पितळेच्या संचात स्टीलची डबी डोळ्यांना खुपते. फणी हस्तिदंती निघाली तर घरीच जपा, हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर कायद्याने बंदी आहे.

शेवटी मेण. एक भाग मधमाशीचं मेण, दोन भाग खोबरेल, गरम पाण्यात वाटी ठेवून वितळवा आणि डबीत ओता. थिजलं की बोटाने कपाळावर गोल टेका, त्यावर कोरडं कुंकू.