समुद्राखालचे थर ओळखायचे कसे? चुऱ्यापासून सुरुवात

अरबी समुद्रातल्या मुंबई हायचं तेल 1974 साली सापडलं, मुख्यतः मायोसीन (सुमारे 2.3 कोटी ते 50 लाख वर्षांपूर्वीच्या) काळातल्या चुनखडकात. त्याही खाली बऱ्याच ठिकाणी नाशिकच्या पांडवलेणीच्या डोंगरासारखाच बसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक आहे. म्हणून आधी नाशिकच्या या बसाल्टच्या खडीवर नजर तयार करा.

तेलविहीर खोदताना वर येणारा खडकाचा चुरा ड्रिलिंगचा चिखल जाईपर्यंत धुवा, चाळा, ओला असतानाच दहापट भिंगाखाली पाहा. मग 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. चुनखडक लगेच फसफसतो, डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला, चुनखडकासारखा खडक) पूड केल्यावर हळूहळू. बसाल्ट स्वस्थ राहतो. त्याच्या पोकळीत कॅल्साइट (चुनखडकातलंच खनिज) असेल तर तेवढाच पांढरा ठिपका फसफसतो, त्याला भुलू नका.

सगळ्यात जास्त घात करतात ते वरच्या थरांतून ढासळलेले मोठे, अणकुचीदार तुकडे. त्यांच्यासोबत वरचे जीवाश्मही खाली येतात. म्हणून खाली जाताना जीवाश्म पहिल्यांदा दिसतो तीच खोली नोंदवा. शेवटची खोली भरवशाची नसते.