महागडा कीबोर्ड घ्यायचा का? आधी उजवी शिफ्ट दाबून बघा

सांगलीत मारुती चौकाजवळ माझं डीटीपीचं काम चालतं. प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं, खरेदीखतांचे मसुदे, लग्नसराईत पत्रिका. दिवसभर बोटं मराठीतच चालतात, म्हणून "ताई, पाच-सहा हजारांचा कीबोर्ड घेऊ का?" असं विचारायला पोरं येतात. मी आधी दोन गोष्टी विचारते: रोज किती तास टाईप करतोस, आणि कुठल्या लेआउटवर, म्हणजे अक्षरांच्या कुठल्या मांडणीवर?

तासाभराचं काम असेल तर पाचशे-सातशेचा साधा कीबोर्ड घ्या आणि मोकळे व्हा. जीसीसी-टीबीसी या सरकारी संगणक-टायपिंग परीक्षेची तयारी करणाऱ्यांनाही मी हेच सांगते. मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा वेग सरावानेच येतो, आणि केंद्रावर जो कीबोर्ड पुढ्यात येईल त्यावरच परीक्षा द्यावी लागते. ज्यांचं पोटच टायपिंगवर आहे, त्यांनी मात्र पुढचं नीट वाचावं.

साध्या कीबोर्डात बटणांखाली रबराचा पडदा असतो. बटण जवळजवळ तळाला टेकवल्याशिवाय अक्षर उमटत नाही. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्प्रिंगचा स्वतंत्र स्विच असतो. बटण साधारण ४ मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर निम्म्या वाटेवर, २ मिलिमीटरच्या आसपासच उमटतं. हात हलका ठेवायची सवय झाली की संध्याकाळी बोटांच्या पेरांना फरक कळतो. पैसे खरे तर इथेच वसूल होतात.

स्विचचे मुख्य रंग तीन. स्विच बनवणाऱ्या चेरी कंपनीच्या मापाने रेड दाबायला ४५ ग्रॅमच्या आसपास जोर लागतो, ब्राऊनला ५५, ब्ल्यूला ६०. रेड सरळ खाली जातो, ब्राऊनमध्ये मध्येच बारीक खटका बोटाला जाणवतो, आणि ब्ल्यू टकटक वाजतो. टाइपरायटरवर हात बसलेल्यांना ब्ल्यू आवडतो. टीव्हीएस गोल्डसारखे कीबोर्ड टायपिंगवाल्यांकडे आणि बिलिंगच्या काउंटरवर अजून वाजताना ऐकू येतात, आणि दणकट आहेत. पण माझ्याकडे पक्षकार शेजारी बसून गट नंबर सांगतो. त्या टकटकीत "सहाशे बारा" की "सहाशे बावीस" हे ऐकू आलं नाही तर दस्त चुकेल. म्हणून मी ब्राऊन वापरते.

आता मराठीवाल्यांच्या कामाची गोष्ट. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठीच्या सरकारी प्रमाण लेआउटमध्ये, शिफ्टशिवाय पान हलत नाही. ख, घ, थ, ध, भ, ळ, श, ष ही उजव्या हाताची अक्षरं, त्यांना डावी शिफ्ट लागते. अ, आ, इ, ई, उ, ए, ओ आणि ण ही डाव्या हाताची, त्यांना उजवी. म्हणजे स्वराने सुरू होणारा जवळजवळ प्रत्येक शब्द उजव्या शिफ्टवरून जातो. "आणि" एवढं लिहायला ती दोनदा दाबायची. हल्ली फॅशनमध्ये असलेल्या आटोपशीर कीबोर्डांत नेमकी हीच शिफ्ट आखूड करतात आणि तिला लागून वर जाण्याचा बाण बसवतात. करंगळी जरा पुढे गेली की कर्सर वरच्या ओळीत उडी मारतो, आणि अक्षर भलत्याच ओळीत जाऊन बसतं. पत्रिकेत हे खपेलही. सातबाऱ्यावरून उतरवलेल्या क्षेत्रात खपत नाही. कितीही हजारांचा असो, उजवी शिफ्ट आखूड असेल तर मराठी दस्तांसाठी तो घेऊ नका.

जुन्या फॉन्टवर काम करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. ऑल्ट दाबून आकडे टाकून जी जोडाक्षरं काढतो, त्यांना उजवीकडचा नंबरपॅड लागतोच.

आता टिकाऊपणा. चेरी रेडला १० कोटी दाबांची ग्वाही देते, ब्ल्यूला ५ कोटींची. मराठीत सगळ्यात जास्त मार खाणाऱ्यांपैकी एक बटण कान्याचं. ते दिवसाला पाच हजार वेळा दाबलं आणि वर्षाचे तीनशे दिवस काम धरलं, तर वर्षाला पंधरा लाख होतात. ५ कोटी भरायला तीस वर्षं उलटतील. तेव्हा चार-पाच हजारांच्या चांगल्या कीबोर्डातला स्विच तुमच्या कामाला पुरून उरतो. पंधरा हजारांत स्विचचं आयुष्य तिप्पट होत नाही. तिथे पैसे ॲल्युमिनियमच्या जड बॉडीचे, गोड आवाजाचे, वायरलेसचे जातात. हौस असेल तर जरूर घ्या, पण धंद्याच्या हिशेबात ती रक्कम धरू नका. रंगीत दिव्यांना तर एक रुपयाही जास्त देऊ नये.

हजार-पाचशे जास्त द्यायचेच असतील तर दोन गोष्टींना द्या. एक, हॉट-स्वॅप. एखादा स्विच बिघडला तर चिमट्याने उपटून नवा बसवता येतो, झाळकाम लागत नाही. दुसरी, पीबीटी प्लास्टिकच्या बटणटोप्या. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकच्या टोप्या बोटांच्या तेलाने लवकर गुळगुळीत आणि चकचकीत होतात.

मार्केट यार्डातल्या अडत दुकानांना माझा सल्ला वेगळा आहे. तिथे हळदीची पूड हवेतच असते. पांढऱ्या टोप्या पिवळ्या पडतात, पूड फटींतून आत उतरते. तिथे काळा, स्वस्त कीबोर्ड घ्यावा, वर सिलिकॉनचं कव्हर घालावं आणि खराब झाला की बदलावा.

दुकानात गेलात तर इंग्रजी वाक्य टाईप करून बघू नका. दुकानदाराला मराठी इन्स्क्रिप्ट चालू करायला सांगा आणि "आणि एकूण क्षेत्रफळ उताऱ्याप्रमाणे" हे दहा-बारा वेळा लिहा. शिफ्ट, स्पेस आणि एंटर कडेला दाबून बघा. या लांब बटणांखाली तारेचे स्टॅबिलायझर असतात. ते सैल असतील तर बटण खडखडतं आणि तिरकं दबतं. मेकॅनिकल कीबोर्ड उंच असतो, तेव्हा मनगट वर उचललं जात असेल तर पुढे टेकू ठेवा किंवा खुर्ची उंच करा. ऑनलाइन मागवलात तर बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत एक अख्खा दस्त त्यावर टाईप करून काढा. एखादं अक्षर दोनदा उमटत असेल तर त्याच आठवड्यात परत पाठवा, आणि बिल जपून ठेवा.