शाळा सुधारायचीय? उपक्रम नंतर, आधी मागच्या बाकावर जाऊन बसा

डिझाइन थिंकिंग हा शब्द मी पहिल्यांदा एका ट्रेनिंगमध्ये ऐकला, तोही जेवणानंतरच्या सत्रात, म्हणजे अर्धे गुरुजी पेंगत होते आणि उरलेले मोबाईलवर कुठली तरी लिंक भरत होते. पडद्यावर पाच रंगीत गोल आले आणि मला वाटलं झालं, अजून एक फॅड. हे मूळचं कंपनीवाल्यांचंच आहे म्हणा, अमेरिकेतली आयडिओ नावाची डिझाइन फर्म आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची डी-स्कूल यांनी ते गाजवलं. पण ते गोल बाजूला ठेवले तर उरतं एवढंच: ज्याची अडचण आहे त्याच्याजवळ जाऊन बघायचं, अडचण नेमकी कुठंय ते ठरवायचं, भरपूर उपाय सुचू द्यायचे, त्यातला एखादा स्वस्तात करून बघायचा, आणि नाही जमला तर लाज न बाळगता सोडून द्यायचा.

आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. वरून उपक्रम येतो, मग त्याला शोभेल अशी अडचण आपण शाळेत शोधतो, फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो, मार्चमध्ये फाईल बंद. तर जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आम्ही हे कसं केलं, कुठं आपटलो, आणि तुम्हाला करायचं असेल तर काय सांभाळा, ते लिहितोय.

आधी अडचण छोटी पकडा. "गुणवत्ता वाढवणे" ही अडचण नाही, ते अहवालातलं वाक्य आहे. आम्ही गैरहजेरी घेतली. मागच्या दोन महिन्यांचं मस्टर काढलं, लाल पेन घेतला आणि प्रत्येक गैरहजेरीवर गोल केला. दहा मिनिटांचं काम, पण ते मी नोकरीच्या इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं, कारण मस्टर आपण बेरीज करायला उघडतो, बघायला नाही. मंगळवारचे रकाने सगळे लाल. मंगळवार म्हणजे शेजारच्या गावचा आठवडी बाजार, हे गावात शेंबड्या पोरालाही माहिती होतं आणि मलाही होतं, पण "पालक उदासीन आहेत, पोरं बाजार करत फिरतात" म्हणून मी विषय संपवला होता. (तुमच्याकडे लाल गोल दिवाळीच्या पुढंमागं एकदम सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालत असतील तर ती ऊसतोड आहे, ती वेगळी गोष्ट, तिथं हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव लागतो. पण तो करण्याआधीसुद्धा पोर ज्या आजीजवळ राहणार तिला जाऊन विचारा, तिला काय झेपतं ते.)

मग घरी जायचं, आणि कसं जायचं ते महत्त्वाचं. हजेरीपट काखेत मारून जाऊ नका. सरपंच, केंद्रप्रमुख यांना बरोबर नेऊ नका, नाहीतर घरातली माणसं चहा करतात आणि "हो सर, पाठवतो सर" म्हणतात, पुढच्या मंगळवारी परत तेच. "पोरगी का पाठवत नाही?" असं तर विचारूच नका, तो प्रश्न नाही, आरोप आहे. विचारायचं असं, की मागच्या मंगळवारी सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते सांगा, आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं आम्हा मास्तर लोकांना सगळ्यात अवघड जातं.

चौथीतल्या एका मुलीच्या आईने सांगितलं. मंगळवारी त्या भाजी घेऊन बाजारात बसतात, जीप सकाळी लवकर जाते, नवरा दुसऱ्याच्या रानात. घरात दीड वर्षाचं बाळ. अंगणवाडीत तीन वर्षांच्या पुढची पोरं बसतात, म्हणजे याला तिथं जागा नाही. मग बाळ बहिणीच्या कडेवर. एवढं ऐकून मला वाटलं कळलं सगळं. पण डिझाइनवाले म्हणतात ऐकून थांबू नका, बघा पण. म्हणून पुढच्या मंगळवारी मी पहिला तास सोबतच्या मॅडमवर सोडला आणि तिला शोधायला निघालो, तर लांब जावंच लागलं नाही. ती शाळेबाहेर हापशाच्या ओट्यावर बसली होती, बाळ मांडीवर, आणि खिडकीतून चौथीच्या वर्गाचा आवाज येत होता तो ऐकत होती. म्हणजे मी आत बसून तिच्या नावापुढं "गै" लावत होतो आणि ती वीस पावलांवर होती. आत का येत नाहीस विचारलं तर म्हणाली, सर तुम्हीच म्हणाला होता ना, याला घरी ठेवून ये.

म्हणालो होतो. बाळ रडत होतं, तपासणी होती, म्हणून गेलो असेन बोलून. मला आठवतसुद्धा नव्हतं.

आता पुढची पायरी, अडचण नव्याने मांडायची. आधीचं वाक्य होतं "पालक उदासीन आहेत", त्याच्यावर उपाय काय, तर पालक मेळावा, प्रबोधन, प्रभातफेरी. नवं वाक्य केलं: "मंगळवारी लहान भावंडं सांभाळणाऱ्या पोरींना बाळासकट शाळेत कसं बसता येईल?" वाक्य बदललं की उपायांची जातच बदलते, बघा करून. वाक्यात माणूस असला पाहिजे, वार असला पाहिजे, आणि शेवटी "कसं" असलं पाहिजे. शिव्या घातल्यासारखं वाक्य झालं तर ते फाडून परत लिहा.

उपाय सुचवायला कोणाला बोलवायचं? आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती दिलेलीच आहे, त्यात चारातले तीन सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला लागतात, पण ही समिती आपण सह्यांपुरती बोलावतो. आम्ही आधी सूचनापेटी ठेवली होती, पंधरा दिवसांनी उघडली तर एकच चिठ्ठी, "खिचडीत मीठ कमी असतंय". (बरोबर होतं ते, पण ते असो.) लिहायला लावलं की आपली माणसं गप्प होतात, त्यामुळे बैठक घेतली, ती पण संध्याकाळी, बायका रानातून आल्यावर, व्हरांड्यात सतरंजीवर, आणि नियम केला की मुख्याध्यापक आणि अध्यक्ष शेवटी बोलणार. हा नियम पाळायला अवघड आहे पण तो नसेल तर बैठक घेऊच नका. लोक बोलत गेले तसं मॅडम फळ्यावर लिहीत गेल्या, हे होणार नाही असं मध्ये कोणी म्हणायचं नाही. बाजाराचा वार बदला, मंगळवारी शाळा सकाळची करा, पाळणाघराला ग्रामपंचायतीतून पैसे मागा, आज्यांना बोलवा, बाळांना वर्गात बसू द्या. मंगळवारी सुट्टी देऊन रविवारी शाळा घ्या असंही एकाने सांगितलं आणि खरं सांगू का, ते मला पटलं होतं.

त्यातलं जे पैशाशिवाय आणि परवानगीशिवाय या आठवड्यात करून बघता येतं तेच आधी उचला. पाळणाघराचा प्रस्ताव चांगलाच होता, पण तो गेला असता पंचायत समितीत आणि तोवर बाळ पहिलीत आलं असतं. आम्ही जुनी साडी आणि दोरी घेऊन व्हरांड्याच्या खांबांना झोळी बांधली, दोन आज्या तयार झाल्या, तीन मंगळवार करून बघायचं ठरलं. पहिला मंगळवार पार फसला, आजी आल्या अकरा वाजता. दुसऱ्या वेळी आज्या वेळेवर पण झोळी पहिलीच्या दारासमोर, बाळ रडलं की सगळी पहिली उठून बघायला. तिसऱ्या वेळी झोळी हलवली खिचडीच्या खोलीजवळ, स्वयंपाकी ताईंचं पण लक्ष राहायला लागलं, आणि ते जमलं.

इथं एक कळकळीची सूचना. तीन आठवडे फोटो काढू नका. नाव देऊ नका, बॅनर नाही, उद्घाटन तर अजिबात नाही. एकदा फोटो ग्रुपवर गेला की तो प्रयोग राहत नाही, उपक्रम होतो, आणि उपक्रम फसला असं आपल्या खात्यात कोणी लिहीत नाही. प्रयोगाला फसायची मोकळीक पाहिजे, नाहीतर पहिल्या मंगळवारनंतर आम्ही दुसरीकडून बाळं गोळा करून फोटो काढले असते.

मग मोजायचं, परत तेच मस्टर आणि तोच लाल पेन. मुलींचे मंगळवार जवळजवळ भरले. दोन पोरं मात्र तरीही गायब, ती खरोखरच भेळ खायला बाजारात जातात, त्याच्यावर अजून डिझाइन निघालेलं नाही. नुसत्या हजेरीवर पण थांबू नका, वाचता येतंय का बघा. त्यासाठी 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' सर्व्हेची पद्धत वापरा, २००५ पासून चालू आहे. एका कागदावर अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, एकेका पोराला शेजारी बसवून वाचायला द्यायचं, काही मिनिटांत कळतं कुठं अडतंय. माझ्या मते हे सगळ्यात भारी डिझाइन आहे, कारण गावातला कुठलाही शिकलेला तरुण ते करू शकतो आणि न शिकलेल्या आईलाही समोर बसून समजतं की पोरगं शब्दावर अडलंय. पुढं इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करून शिकवायचं, हे प्रथमने देशभर केलंय आणि त्यावर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांनी प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या, ज्यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

आता तुमचं जमलं की बाकीच्या शाळा बघायला येणार, साहेब म्हणणार केंद्रातल्या सगळ्या शाळांत झोळ्या बांधा. इथं सावध राहा. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, प्रतिभा भराडे मॅडम आणि तिथल्या शिक्षकांनी रचनावादावर (मूल स्वतः करत करत शिकतं, हा विचार) जे काम केलं ते बघायला राज्यभरातून शिक्षक गेले, आणि परत येऊन बऱ्याच जणांनी काय केलं तर तिथं दिसली तशी वर्गाची फरशी रंगवली. फरशी रंगवणं सोपं, मुलाला स्वतः शिकू द्यायला मास्तरने मागं सरकायचं ते अवघड. आमच्या शेजारच्या वस्तीशाळेत बाळांचा प्रश्नच नव्हता, त्यांच्याकडं ओढा होता, पाऊस झाला की पोरं पलीकडंच. त्यांनी झोळी बांधून काय केलं असतं? त्यांना मस्टर आणि लाल पेन द्या, झोळी देऊ नका.

वरच्या साहेबांनाही हे लागू होतं. तुमच्यासाठी अडचण असलेला माणूस म्हणजे शिक्षक, तेव्हा एक दिवस त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसा आणि तास चालू असताना वरून मागितलेली माहिती भरायला तो किती वेळा मोबाईल काढतो त्याच्या रेघा मारा. कमी पटाच्या शाळांचंही तसंच. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विषय २०२३ मध्ये निघाला, कागदावर हिशोब बरोबर दिसतो, पण पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असा नियम का केला होता ते जुलैमध्ये सहा वर्षांच्या पोराबरोबर चालत गेल्यावर कळतं. आधी चाला, मग ठरवा. पेरूमध्ये इनोव्हा नावाच्या खाजगी शाळांनी आयडिओला घेऊन इमारतीपासून शिक्षकांच्या ट्रेनिंगपर्यंत सगळं नव्याने आखलं, ते चांगलंच आहे, पण ती फी घेणारी साखळी आहे. आपल्याला जवळचं उदाहरण अहमदाबादच्या किरण बीर सेठींचं, त्यांनी २००९ मध्ये डिझाइन फॉर चेंज सुरू केलं, त्यात पोरंच अडचण शोधतात आणि पोरंच उपाय करतात. सहावी-सातवीच्या वर्गाला द्या करायला, आपल्यापेक्षा जास्त बघतात ती.

आणि हो, याने गळकं छत बंद होत नाही, रिक्त पदं भरत नाहीत. चार वर्गांना एक शिक्षक असेल तर त्याला उपाय लिहायला स्टिकी नोट्स (चिकट चिठ्ठ्या) देणं ही चेष्टा आहे, तिथं भांडून शिक्षकच मागा.

झोळी आता नाहीय. ते बाळ तीन वर्षांचं झालं, अंगणवाडीत जातं, साडी स्वयंपाकी ताई परत घेऊन गेल्या. यंदा लाल गोल शुक्रवारी दिसायला लागलेत, पाचवीच्या पोरांचे. या आठवड्यात दोन घरी जाऊन आलोय, अजून कारण सापडलेलं नाही.